ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनंतरची आहे, तोवर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या 46 वर्षांच्या ताई. डाव्या स्तनात 2 सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. नागपूरच्या रुग्णालयाने एप्रिलमध्ये तपासून ऑपरेशनची तारीख मेअखेरची दिली. लेकीकडून त्यांनी लिहून घेतलं आहे: "तोवर पसरलं तर? रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात पेरणी उरकू, जुलैत बघू. काय करू?"

ताई, आधी पसरण्याचं बोलू. स्तनातली बहुतेक कॅन्सरची गाठ आकारमानाने दुप्पट व्हायला काही महिने घेते. त्यातही आकारमान दुप्पट झालं म्हणून रुंदी दुप्पट होत नाही. 2 सेंटिमीटरची गाठ दुप्पट झाली तरी रुंदीला अडीच सेंटिमीटर भरते. सरासरी वेगाने वाढणाऱ्या गाठीत 5 आठवड्यांत पडणारा फरक एखाद्या मिलीमीटरचा निघतो. तुमच्या हाताला ती आत्ता लागली, पण आत ती बहुधा वर्षानुवर्षं आहे. काही गाठी याहून झपाट्याने वाढतात हेही खरं, त्या कोणत्या ते आयएचसीच्या रिपोर्टवरून बऱ्याच अंशी कळतं. त्याकडे पुढे येऊ.

बायोप्सीनंतर गाठ एकदम मोठी आणि टणक लागते, त्याने बायका हादरतात. ते बहुतेक वेळा सुईच्या जागी साकळलेलं रक्त असतं. काळंनिळं पडतं, दुखतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. 'सुई लागली म्हणून कॅन्सर चवताळला' हे गावोगाव ऐकू येतं, त्यात तथ्य नाही. सुई न लावता गाठ काढणं मात्र चुकीचं, कारण गाठीची जात माहीत नसताना केलेलं ऑपरेशन पुष्कळदा दुसऱ्यांदा करावं लागतं.

लवकर ऑपरेशन झालेलं केव्हाही बरं, पण 5 आठवडे ही घाबरावं अशी मुदत नाही. निदानापासून 8 आठवड्यांच्या आत व्हावं असा आग्रह धरा. जुलै म्हणजे दहा-अकरा आठवडे झाले, आणि तारीख त्यापुढेही ढकलली जाणार नाही याची हमी कोण देणार? पेरणी मजूर लावून होते, उसनवारीने होते, एखादं वावर बटईने देऊनही होते. तेव्हा जुलै नको.

आता एक काम करा. पुढच्या खेपेला डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारा, "आपण नेमकी कशाची वाट बघतोय?" उत्तर तीनपैकी एक येतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं कारण तपासण्या. बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या होतात, तीच आयएचसी. तिला आठवडाभर लागतो. हर-टू 'टू प्लस', म्हणजे धड हो ना नाही, असं आलं तर फिश नावाची आणखी एक तपासणी, त्यात अजून एक-दोन आठवडे जातात. हे दिवस वाया जात नाहीत. गाठ हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) असेल, मोठी असेल किंवा काखेत गाठी असतील, तर पुष्कळदा आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम ठरतो. तेव्हा 'ऑपरेशन चार-पाच महिन्यांनी' असं ऐकलं की टाळताहेत असं वाटतं. पण केमो सुरू झाली म्हणजे उपचार सुरू झाला. केमोने गाठ विरघळून जाऊ शकते, म्हणून आधी तिच्यात धातूची बारीक खूण बसवतात. ती बसवणार का, हे विचारा. गाठ ईआर पॉझिटिव्ह असून ऑपरेशन लांबत असेल, तर मधल्या काळात हार्मोनला रोखणारी गोळी देता येते. हेही विचारण्यासारखं आहे, मात्र स्वतःहून आणून खाण्यासारखं नाही.

दुसरं कारण रांग. नागपूरचं मेडिकल कॉलेज, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सेवाग्राम, सावंगी, सगळीकडे गर्दी असते. कुणाचं ऑपरेशन रद्द झालं तर मधेच जागा रिकामी होते. "दोन दिवसांच्या निरोपावर येऊ शकतो" असं सांगून दोन मोबाइल नंबर नोंदवून ठेवा, आणि ते फोन उचला. फोन लागला नाही म्हणून गेलेल्या तारखा कमी नाहीत.

तिसरं कारण आपली कागदपत्रं. इथली चूक आपल्याला आपल्या हाताने दुरुस्त करता येते, आणि खेड्यातल्या बाईचे सर्वांत जास्त दिवस इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि रेशनकार्डाच्या रंगाची जुनी अट राहिलेली नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तो कागद वर पाठवतो, मंजुरी आली की ऑपरेशन. अडतं ते असं: आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. किंवा रेशनकार्डात नावच चढवलेलं नाही. किंवा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीचा बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येत नाही. आणि अंगठा लावावा तर उमटत नाही. वर्षानुवर्षं कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. अंगठा घेत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, पण ते यंत्र प्रत्येक केंद्रावर असेलच असं नाही. म्हणून आधार केंद्रावर जाऊन चालू मोबाइल नंबर जोडून घ्या. हे याच आठवड्यात करा, भरतीच्या दिवशी नव्हे. योजनेचा मोफत नंबर 155388. रुग्णालय योजनेत आहे का, आणि तुमचं ऑपरेशन तिथे योजनेतून होतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

फाइल एकच ठेवा आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर टाका. दुसऱ्या रुग्णालयात दाखवणार असाल तर नुसता बायोप्सीचा रिपोर्ट पुरत नाही, काचपट्ट्या आणि ब्लॉक मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा, काड्यापेटीहून लहान. जिथे बायोप्सी झाली तिथल्या पॅथॉलॉजीतून तो सही करून मिळतो. त्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवा. तो मेणाचा असतो हे विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 अंशांवर जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटरसायकलची डिक्की किंवा गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे भट्टी, मेण मऊ पडून तुकडा हलू शकतो. ब्लॉक डबीत घालून, कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. काचपट्ट्या पुठ्ठ्याच्या डबीत, नाहीतर एसटीच्या एका धक्क्यात तडकतात. ब्लॉक हरवला तर बहुधा पुन्हा सुई.

प्रवासाचं: एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. त्यासाठी रेल्वेच्या ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयाकडून घ्यावा लागतो.

आता अंगाची तयारी. 5 आठवडे मिळाले आहेत, ते या कामाला पुरेपूर वापरता येतात.

हिमोग्लोबिन आजच बघा. खेड्यातल्या बाईचं 8-9 निघणं नवलाचं नाही, आणि आदल्या दिवशी ते कळलं की भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात. लोहाच्या गोळीने एक ग्रॅम वाढायला दोन ते चार आठवडे जातात, म्हणून पहिल्याच आठवड्यात सुरुवात हवी. गोळी चहाबरोबर घेतली की फुकट जाते. चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीवर लिंबूपाणी घ्या. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. फारच कमी असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देतात. पण त्याआधी एक गोष्ट: विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. तुमची तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून करून घ्या. झाली असेल तर कार्ड फाइलमध्ये वर लावा. सिकलसेलच्या रुग्णाला भुलीच्या वेळी थंडी, पाण्याची तूट आणि प्राणवायूची कमतरता सोसत नाही, तयारी वेगळी करावी लागते. लोह द्यायचं की नाही हेही मग डॉक्टर वेगळ्या हिशेबाने ठरवतात.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तुम्ही लिहिलं नाही, पण विचारायलाच हवं, कारण बायकाही खातात आणि डॉक्टरांसमोर नाही म्हणतात. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. स्तन काढल्यावर जी पातळ कातडी ओढून शिवतात तिला रक्त पोचलं नाही तर कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, आणि पुढची केमो तेवढे दिवस लांबते. चार आठवडे आधी सोडला तर फरक पडतो, म्हणजे आत्ताच सोडला तर तुमच्याकडे तेवढे दिवस आहेत. गुल, मिश्री, तंबाखूची गोळी यांनाही हेच लागू. आणि सुपारीने तोंड आवळतं ते वेगळंच. आरशासमोर तोंड उघडा, स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर भूल तपासणीत आपण होऊन सांगा. भुलीसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि तोंड उघडत नाही हे टेबलावर कळणं धोक्याचं.

साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करा. बीपी, साखर, रक्त पातळ करणारी, थायरॉइडची, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून दाखवा. 'पांढरी, लहान' असं सांगून काही कळत नाही. कोणती गोळी किती दिवस आधी बंद करायची ते भूलतज्ज्ञ लिहून देतील. पाळणा लांबवायची माला-डी किंवा दुसरी हार्मोनची गोळी चालू असेल तर लगेच सांगा, ती बंद करून तांबीसारखा उपाय बघावा लागतो. सांधेदुखीला पुडीतलं औषध घेत असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड असतं. ते एकाएकी बंद झालं की ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब कोसळू शकतो.

गाठीवर लेप, शेक, मालिश, जळू, डाग, काहीही नको. लेपाने कातडी भाजते, जखम होते, जखमेत पू होतो आणि सरळ ऑपरेशन अवघड होऊन बसतं. 'एक महिना औषध घेऊन बघा, नाहीच विरली तर कापा' म्हणणारा या दिवसांत हमखास भेटतो. त्याच्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट वाचता येतो का, एवढं विचारा.

खाण्यात पथ्य कमी आणि प्रथिनं जास्त. 50 किलो वजनाच्या बाईला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम लागतात. एका अंड्यात 6, कपभर दुधात 6 ते 7, मूठभर शेंगदाण्यांत 7-8, वाटीभर घट्ट वरणात तेवढेच, दोन ज्वारीच्या भाकरींत दहा-बारा. 25 ग्रॅम सोयाबीन वडीत 12-13, आणि ती सर्वांत स्वस्त. दूध, साखर, आंबट, वांगं 'कॅन्सरला खाद्य' देतं म्हणून सगळंच बंद करून बसलेल्या बायका ऑपरेशनपर्यंत चार-पाच किलोने उतरतात. तसं करू नका. निरंकार उपवास या दिवसांपुरते बाजूला ठेवा.

हाताचे व्यायाम आत्ताच शिका, नंतर दुखत असताना शिकणं जड जातं. भिंतीला तोंड करून उभं राहा. डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर वर चढवत न्या. जिथवर पोचाल तिथे कोळशाने रेघ ओढा. रोज दोनदा, दहा-दहा वेळा. ऑपरेशननंतर ती रेघ तुमचं माप होईल. जखमेतलं पाणी काढायला लावलेली नळी असेपर्यंत हात बहुधा खांद्याच्या वर न्यायचा नसतो, पुढे दीड-दोन महिन्यांत रेघेपर्यंत यायचं. सकाळी सहाच्या आत अर्धा तास झपाझप चालणं आणि दर दोन तासांनी दहा दीर्घ श्वास, फुप्फुसाला एवढं पुरे.

निर्णयाचं एक बोलायचं आहे. 2 सेंटिमीटरच्या गाठीत पुष्कळदा स्तन वाचवून ऑपरेशन होतं. त्यानंतर रेडिएशन घ्यावंच लागतं, साधारण 3 ते 4 आठवडे, आठवड्याचे 5 दिवस. जगण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. रोज नागपूरला जाणं होणार नाही म्हणून पूर्ण स्तन काढायला सांगणं हाही समंजस निर्णय असू शकतो. पण 'काढून टाकलं की रेडिएशन नाही' अशी खात्री धरू नका, काखेत गाठी निघाल्या तर तेव्हाही लागतं. राहण्याची सोय धर्मशाळेत होते का, हे आधी रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्याला विचारा आणि मग ठरवा. हा निर्णय तुमचा. सही तुमची लागते, नवऱ्याची किंवा भासऱ्याची नव्हे.

झोपेचं. रात्री दोन वाजता मनात येणारा प्रश्न खराच असतो, पण त्या वेळी त्याचं उत्तर द्यायला कुणी जागं नसतं. संध्याकाळी पाचला, ऊन उतरलं की, वीस मिनिटं वही घेऊन बसा. पानाला मधे रेघ मारा, एका बाजूला 'विचारायचं', दुसऱ्या बाजूला 'करायचं'. लिहिता येत नसेल तर लेक लिहील. मनातलं सगळं तिथे उतरवा, जे कुठल्याच बाजूला बसत नाही तेही तळाशी. रात्री तोच प्रश्न आला की 'वहीत आहे' म्हणायचं. पहिले चार दिवस हे बावळटपणाचं वाटतं, मग उपयोग होतो. झोप अर्ध्या तासात आली नाही तर अंथरुणावर तळमळू नका, अंगणात येऊन बसा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नका. दुकानातून झोपेची गोळी आणू नका, लागलीच तर डॉक्टर देतील. 14416 हा टेलिमानसचा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, केव्हाही.

भेटायला येणाऱ्यांचं वेगळंच दुखणं. प्रत्येक जण कुणीतरी गेल्याची गोष्ट घेऊन येतो. दारात बसलेल्या लेकीने एकच वाक्य पाठ करावं: "तारीख मिळाली आहे, आईला आता आराम सांगितला आहे, चहा घ्या." हा आजार ताटातून, अंथरुणातून पसरत नाही. नातवाला जवळ घेऊन झोपा.

आता घरच्यांसाठी. बाईपासून आजाराचं नाव लपवू नका, तिला ते तुमच्या तोंडावरून कळलेलंच असतं. लपवलं की ती एकटीच घाबरते. फवारणीचं औषध घरात असेल तर याच आठवड्यात कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. 'मी गेलेली बरी' असं ती म्हणाली तर गप्प करू नका, ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ऑपरेशननंतर महिनाभर तरी पाण्याचा गुंड, सरपणाचा भारा, जात्याचं-उखळाचं काम तिच्याकडे येणार नाही, याची वाटणी आत्ताच करा. दूध कोण काढणार, भाकरी कोण थापणार, नावं घालून. नुसतं 'होईल सगळं' म्हटलं की ते तिच्याच डोक्यावर येतं.

शेवटच्या आठवड्यात एवढं करा. पुढून हुक असलेले दोन सैल ब्लाउज, बाहीची शिवण दोन इंच उसवून. सुती कापडाच्या दोन लहान पिशव्या, नाडी लावलेल्या, नळीची बाटली गळ्यात अडकवायला. ही नळी आठवडा-दोन आठवडे राहते, 24 तासांत साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी पाणी सलग दोन दिवस आलं की काढतात. गाव लांब असेल तर बाटली रिकामी करून मोजायला लेकीने वॉर्डातच शिकून घ्यावं. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. डाव्या हातातल्या बांगड्या, पाटल्या साबण लावून घरीच उतरवा. सुजलेल्या हातातून नंतर त्या कापाव्या लागतात. मंगळसूत्र आणि जोडवी उतरवावी लागतील, ती कुणाच्या हाती द्यायची ते तुम्हीच ठरवून ठेवा. मासिक पाळी आली तर ऑपरेशन अडत नाही. अमावास्या आहे म्हणून तारीख बदलून मागू नका. आणि लग्नसराई आहे, पुतणीच्या लग्नाला जरूर जा. मेंदी मात्र उजव्या हाताच्या दोन बोटांवर लावू नका, नेलपॉलिशही नको. भुलीत प्राणवायू मोजायची चिमटी तिथे लागते, आणि गडद रंगाने आकडा चुकतो.

तारखेपर्यंत न थांबता फोन करायचा तो एवढ्यासाठी: स्तन एकाएकी लाल, गरम, सुजलेला होऊन कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली; बायोप्सीच्या जागेतून पू किंवा न थांबणारं रक्त आलं; ताप 100 अंशांच्या वर राहिला; धाप लागली; पाठ सतत दुखून पायातली शक्ती गेली; डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या. सर्दी-खोकला झाला तरी आदल्या दिवशी कळवा. छातीत कफ असेल तर भूल पुढे ढकलतात, आणि तीनशे रुपये भाडं खर्चून नागपूरला जाऊन ते कळण्यापेक्षा गावातून फोनवर कळलेलं बरं. तारीख तशी पुढे गेलीच तर 'नंतर कळवू' वर उठू नका. नवी तारीख कार्डावर लिहून, सही घेऊनच निघा.